राज्याचा प्रश्न, राज्याच्या दिवशी

अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या मतपत्रिकेवर अगदी वर एक सोय असते. तिथे पक्षाच्या नावापुढे एक खूण केली की त्या पक्षाचे सगळे उमेदवार, गव्हर्नरपासून कृषी आयुक्तापर्यंत, एकदम निवडले जातात. खालची नावे वाचायचीही गरज नाही. बहुतेक राज्यांनी ही सोय केव्हाच मोडीत काढली. केंटकीने ठेवली आहे. आणि केंटकी हे काही दोलायमान राज्य नव्हे. २०२० मध्ये डोनाल्ड ट्रम्प तिथे २६ टक्क्यांच्या फरकाने जिंकले होते. ७ नोव्हेंबर २०२३ ला तिथले लोक राज्यातली पदे निवडायला गेले, तेव्हा सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्याच्या निवडणुका आणि नोंदी सांभाळणारा अधिकारी) या पदावर रिपब्लिकन उमेदवाराला ६० टक्क्यांहून अधिक मते पडली, ॲटर्नी जनरलच्या पदावर सुमारे ५८ टक्के. खजिनदार, लेखापरीक्षक, कृषी आयुक्त ही पदेही त्याच पक्षाकडे गेली. फक्त सर्वात वरच्या ओळीवर, गव्हर्नरपदावर, डेमोक्रॅटिक पक्षाचे अँडी बेशिअर निवडून आले. तेही पुन्हा, आणि चढत्या फरकाने. २०१९ मध्ये त्यांनी तेव्हाचे गव्हर्नर मॅट बेव्हिन यांना अवघ्या ५,१३६ मतांनी हरवले होते. २०२३ मध्ये रिपब्लिकन डॅनियल कॅमेरॉन यांच्यावर ६७ हजारांहून अधिक मतांनी मात केली.

लाखो मतदार पक्षाच्या सोयीच्या खुणेवर थांबले असते तर हे घडले नसते. त्यातल्या पुष्कळांनी एकेक ओळ खाली जात मत दिले. पाच ठिकाणी आपला पक्ष, एका ठिकाणी आपल्याला पटलेला माणूस. मला या निकालाचे मोल इथे वाटते. डेमोक्रॅट जिंकले याचा मला हर्ष नाही, रिपब्लिकन हरले याचा खेदही नाही. व्हरमाँटसारख्या डेमोक्रॅटांच्या बालेकिल्ल्यात रिपब्लिकन फिल स्कॉट २०२४ मध्ये ७० टक्क्यांहून अधिक मते घेऊन पुन्हा गव्हर्नर झाले, तेव्हाही मला हेच वाटले होते. राज्य कोणी चालवावे हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर वेगळे देता येते, हे तिथल्या मतदारांनी दाखवून दिले.

आधी एक शब्द नीट करून घेऊ. आपली वर्तमानपत्रे गव्हर्नरचे भाषांतर सरसकट ‘राज्यपाल’ असे करतात आणि वाचकाची गल्लत होते. आपला राज्यपाल राष्ट्रपती नेमतात, त्यांची मर्जी असेतोवर तो पदावर राहतो. अमेरिकेचा गव्हर्नर म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्याच्या जागी असलेला, पण थेट लोकांनी निवडलेला कार्यकारी प्रमुख. आपल्याकडेही हा रस्ता अगदीच अनोळखी नव्हता. १९४७ मध्ये संविधान सभेत प्रांतांच्या घटनेचा विचार झाला तेव्हा राज्यपाल प्रौढ मताधिकाराने थेट निवडावा असेच ठरले होते. १९४९ मध्ये सभेने ते बदलून नेमणुकीची पद्धत स्वीकारली. एका राज्यात लोकांनी निवडलेला राज्यपाल आणि लोकांनी निवडलेल्या विधानसभेला उत्तरदायी मुख्यमंत्री अशी दोन सत्ताकेंद्रे झाली तर संघर्ष होईल, ही भीती त्यामागे होती. ती खोटी नव्हती. पुढे नेमलेल्या राज्यपालांनीही संघर्ष केलेच, आणि ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्राच्या राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणे योग्य नव्हते असे म्हणावे लागले, हा भाग निराळा.

बेशिअर जिंकले कसे? वडील स्टीव्ह बेशिअर २००७ ते २०१५ गव्हर्नर होते, तेव्हा नावाची ओळख घरचीच. पण केवळ आडनावावर असे राज्य जिंकता येत नाही. पहिल्या कार्यकाळात त्यांच्या वाट्याला एकामागून एक संकटे आली. करोनाच्या पहिल्या महिन्यांत ते रोज संध्याकाळी लोकांसमोर येऊन आकडे सांगत, मृतांची नावे घेत, धीर देत. त्याच काळात मे २०२० मध्ये त्यांच्या निर्बंधांवर चिडलेल्या जमावाने राजधानी फ्रँकफर्टमध्ये त्यांचा पुतळा फासावर लटकवला होता. डिसेंबर २०२१ मध्ये पश्चिम केंटकीवर टोर्नेडो, म्हणजे भोवऱ्यासारखे वादळ, कोसळले. मेफिल्ड हे गाव उद्ध्वस्त झाले, बेशिअर यांच्या वडिलांचे मूळ गाव डॉसन स्प्रिंग्जही. राज्यात ८० च्या आसपास माणसे गेली. जुलै २०२२ मध्ये पूर्वेच्या डोंगराळ भागात महापूर आला, चाळीसहून अधिक बळी घेतले. प्रत्येक वेळी गव्हर्नर तिथे होते. भेट देऊन परतले असे नाही, घरे उभी राहीपर्यंत पुन्हा पुन्हा गेले. पुराचा तडाखा बसलेल्या लेचर आणि पेरी या काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) कोळसा खाणींच्या पट्ट्यातल्या. अध्यक्षीय निवडणुकीत तिथे ट्रम्प यांना प्रचंड मताधिक्य मिळते. २०१९ मध्ये दोन्हींनी बेशिअर यांना नाकारले होते. २०२३ मध्ये दोन्हींनी त्यांना स्वीकारले.

याला कामाची पावती म्हणतात. पण काम हे एकच कारण होते असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. गर्भपाताचा प्रश्न होता. केंटकीच्या कायद्यात बलात्कार किंवा कुटुंबातल्या अत्याचारातून गर्भ राहिला तरी सूट नव्हती. नोव्हेंबर २०२२ मध्ये गर्भपाताचा हक्क घटनेतूनच नाकारणारी दुरुस्ती लोकांपुढे आली आणि याच कडव्या रिपब्लिकन राज्याने ती फेटाळली. बेशिअर यांनी हा धागा पकडला. सावत्र बापाच्या अत्याचाराला बळी पडलेल्या एका तरुणीने त्यांच्या जाहिरातीत समोर येऊन कॅमेरॉन यांना थेट सुनावले, आणि त्याच सुमारास कॅमेरॉन यांची भूमिका डळमळली. तेव्हा यात कसलेला प्रचारही होता. एक गोष्ट मात्र डोळ्यांत भरते. कॅमेरॉन यांच्या प्रचारात ट्रम्प यांचा पाठिंबा आणि बायडन यांच्यावरची टीका ठासून भरलेली होती. बेशिअर मात्र नवे कारखाने, सिनसिनाटीला जोडणारा ओहायो नदीवरचा पूल, शिक्षकांचे पगार, पूरग्रस्तांची घरे यांवर बोलत राहिले. एक उमेदवार राज्याच्या निवडणुकीला देशाची करू पाहत होता, दुसरा तिला राज्याचीच ठेवू पाहत होता. जिंकला दुसरा.

त्याला ते जमले, कारण मैदान त्याला अनुकूल आखलेले होते. केंटकीच्या १८९१ च्या घटनेने गव्हर्नरची निवडणूक १८९५ पासून दर चार वर्षांनी ठरवली. परिणामी ती कायम अध्यक्षीय निवडणुकीच्या आदल्या वर्षी येते. त्या दिवशी मतपत्रिकेवर ना राष्ट्राध्यक्ष असतो, ना काँग्रेसचे, म्हणजे देशाच्या संसदेचे, उमेदवार. फक्त राज्य. वॉशिंग्टनमध्ये काय चालले आहे याचे सावट पडते, पण वॉशिंग्टनचे नाव तिथे छापलेले नसते.

पदावर असलेल्या गव्हर्नरचे पारडे जडच असते, मग यात विशेष काय, असे कोणी म्हणेल. अमेरिकेभर ते खरे आहे. २०२२ मध्ये ३६ राज्यांत गव्हर्नरपदाच्या निवडणुका झाल्या आणि नोव्हेंबरच्या लढतीत नेवाडाचे स्टीव्ह सिसोलॅक सोडले तर पदावरचा कोणीही हरला नाही. केंटकीचा इतिहास मात्र वेगळा आहे. १९९२ च्या घटनादुरुस्तीपूर्वी तिथे गव्हर्नरला लागोपाठ दुसऱ्यांदा उभेच राहता येत नसे. १९९९ मध्ये पॉल पॅटन हे या दुरुस्तीचा लाभ घेऊन पुन्हा निवडून आलेले पहिले गव्हर्नर. नंतर अर्नी फ्लेचर २००७ मध्ये हरले, स्टीव्ह बेशिअर २०११ मध्ये जिंकले, बेव्हिन २०१९ मध्ये हरले, अँडी बेशिअर २०२३ मध्ये जिंकले. पाचपैकी दोघांना घरी बसवले. बेव्हिन तर रिपब्लिकन असून रिपब्लिकन राज्यात पडले. निवृत्तिवेतनाच्या वादात त्यांनी शिक्षकांना लागेल असे बोलून ठेवले होते, आणि शिक्षकांनी ते लक्षात ठेवले. जिथे पदावरचा माणूस पडू शकतो, तिथेच त्याच्या पुन्हा निवडून येण्याला अर्थ असतो.

आता दुसरी बाजू. हा निकाल वाचून आपल्याकडे ‘मुख्यमंत्रीही थेट जनतेतून निवडा’ अशी मागणी करणारे लोक आहेत. त्यांनी बेशिअर यांच्या विजयानंतर काय झाले तेही पाहावे. तेव्हा केंटकीच्या प्रतिनिधीगृहात १०० पैकी ८० आणि सिनेटमध्ये ३८ पैकी ३१ रिपब्लिकन होते. त्यात तिथल्या घटनेचा एक नियम असा की गव्हर्नरने नाकारलेले विधेयक दोन्ही सभागृहांतल्या एकूण सदस्यांच्या साध्या बहुमताने पुन्हा मंजूर करता येते. दोन-तृतीयांश लागत नाही. म्हणजे जितक्या मतांनी विधेयक पास झाले, जवळपास तितक्याच मतांनी गव्हर्नरचा नकार मोडता येतो. करोनात त्यांनी वापरलेले आणीबाणीचे अधिकार विधिमंडळाने २०२१ मध्ये छाटले, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने विधिमंडळाची बाजू उचलून धरली. अमेरिकी सिनेटमधली राज्याची जागा रिकामी झाल्यास ती भरण्याचा गव्हर्नरचा अधिकार आधी बांधला, मग काढूनच घेतला. प्रत्येक चार वर्षांच्या मुलाला बालवाडी देण्याची त्यांची योजना सभागृहात पुढे सरकली नाही. लोकांनी माणूस निवडला, पण त्याच्या हाती चाव्या दिल्या नाहीत.

हे चित्र मराठी वाचकाला ओळखीचे वाटेल. २०१७ मध्ये महाराष्ट्रात सरपंच थेट गावातून निवडायला सुरुवात झाली, २०२० मध्ये नव्या सरकारने ते बंद केले, २०२२ मध्ये पुढच्या सरकारने पुन्हा सुरू केले. सरपंच एका गटाचा आणि बहुसंख्य सदस्य दुसऱ्या गटाचे असे झाले की ग्रामपंचायतीच्या बैठकीत काय होते, हे गावातल्या माणसाला सांगायला नको. ठराव अडतात, निधी अडतो, मासिक सभा गणसंख्येअभावी तहकूब होतात. केंटकीत मतदान झाले त्याच्या दोनच दिवस आधी, ५ नोव्हेंबर २०२३ ला, महाराष्ट्रात दोन हजारांहून अधिक ग्रामपंचायतींसाठी मतदान झाले होते. निकाल लागताच मुंबईत प्रत्येक पक्ष ‘आमचे इतके सरपंच’ म्हणून आकडे सांगू लागला, आणि त्या सगळ्या आकड्यांची बेरीज एकूण ग्रामपंचायतींपेक्षा जास्त व्हावी असा तो उत्साह होता. ग्रामपंचायत पक्षचिन्हावर लढवलीच जात नाही. गावाने पाणी, रस्ता, स्मशानभूमीची जागा यांसाठी दिलेले मत राजधानीत पोहोचेपर्यंत पक्षाचे होऊन जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

म्हणून थेट मुख्यमंत्र्याच्या मागणीशी मी सहमत नाही. केंटकीकडून घ्यायचे ते दुसरेच: प्रश्न वेगळे ठेवण्याची शिस्त. आणि नेमकी तीच शिस्त मोडणारे विधेयक आपल्या संसदेपुढे आले आहे.

१७ डिसेंबर २०२४ ला लोकसभेत १२९ वी घटनादुरुस्ती मांडली गेली आणि ती संयुक्त समितीकडे गेली. बोलीभाषेत ‘एक देश, एक निवडणूक’. लोकसभेबरोबरच सगळ्या विधानसभांची निवडणूक. बाजूने दिले जाणारे पहिले कारण खर्चाचे. केंटकीतही अगदी हाच युक्तिवाद झाला आहे. विषम वर्षातली गव्हर्नरची निवडणूक अध्यक्षीय वर्षात हलवा, काउंट्यांचे पैसे वाचतील, मतदानही वाढेल, असा घटनादुरुस्तीचा प्रस्ताव तिथे वारंवार आला. राज्याच्या सिनेटने तो संमतही केला, पण प्रतिनिधीगृहात तो अडला. मतदान वाढेल हा मुद्दा मात्र हलका नाही, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. २०२० मध्ये केंटकीत २१ लाखांहून अधिक लोकांनी मत दिले होते. २०२३ मध्ये १३ लाखांच्या थोडे वर. आठ लाख माणसे घरीच राहिली. हे त्या पद्धतीचे खरे व्यंग आहे. पण आपल्याला ते लागू होत नाही. आपल्याकडे विधानसभेला लोकसभेपेक्षा कमी नव्हे, अनेकदा जास्त मतदान होते. २०२४ मध्ये महाराष्ट्रातही लोकसभेपेक्षा विधानसभेला अधिक मतदान झाले. ज्या रोगावर औषध म्हणून एकत्र निवडणूक सुचवली जाते, तो रोगच इथे नाही.

दुसरे कारण आचारसंहितेचे. सतत निवडणुका, सतत आचारसंहिता, कामे ठप्प. तक्रार खरी आहे, निदान चुकीचे आहे. २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि ६ जूनपर्यंत राहिली. महाराष्ट्रात मतदानच पाच टप्प्यांत झाले. विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, सगळ्या २८८ जागांचे मतदान २० नोव्हेंबरला एका दिवसात उरकले, २३ ला निकाल. लांबण राज्याच्या निवडणुकीने लागत नाही, देशाच्या निवडणुकीच्या टप्प्यांनी लागते. दोन्ही एकत्र केल्या तर राज्याची निवडणूकही त्या लांबणीत ओढली जाईल. शिवाय निवडणुका फार होतात अशी तक्रार करणाऱ्यांनी मुंबई महापालिकेकडे पाहावे. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि जवळपास चार वर्षे देशातल्या सर्वात श्रीमंत महापालिकेचा कारभार प्रशासकाने हाकला. मुंबईकरांना तेव्हा निवडणूक जास्त नव्हती, नव्हतीच.

एकत्र निवडणूक हवी म्हणणाऱ्यांचा सर्वात वजनदार मुद्दा वेगळाच आहे: मतदार शहाणा आहे, एकाच दिवशीही तो दोन वेगळी उत्तरे देतो. खरे आहे. २०१६ मध्ये माँटाना राज्यात ट्रम्प २० टक्क्यांनी जिंकले आणि त्याच दिवशी त्याच मतदारांनी डेमोक्रॅट गव्हर्नर स्टीव्ह बुलक यांना पुन्हा निवडले. २०१९ मध्ये ओडिशात लोकसभा आणि विधानसभा एकत्र झाल्या. विधानसभेत नवीन पटनायक यांच्या पक्षाला मतदान झालेल्या १४६ पैकी ११२ जागा, लोकसभेत २१ पैकी १२ आणि भाजपला ८. आपला स्वतःचा दाखला तर याहून बोलका आहे. १९५७ मध्ये दोन्ही निवडणुका एकत्र होत्या, आणि पश्चिम महाराष्ट्राने मुंबई कोणाची या एकाच प्रश्नावर दोन्ही पेट्या भरल्या. संयुक्त महाराष्ट्र समिती दोन्हीकडे जिंकली. म्हणजे देशाची लाट राज्याला गिळते असे नेहमीच नाही, कधी राज्याचा प्रश्न देशाच्या निवडणुकीला गिळतो.

मतदाराच्या शहाणपणावर माझा पूर्ण विश्वास आहे. शंका आहे ती प्रचाराबद्दल. माँटानाच्या मतपत्रिकेवर गव्हर्नरची स्वतंत्र ओळ होती. आपल्या मतदाराच्या हाती राज्यासाठी एकच बटण असते, आणि त्या एका बटणाला तीन उत्तरे द्यावी लागतात: आमदार कोण, पक्ष कोणता, मुख्यमंत्री कोण. त्या शेजारी दुसरे यंत्र ठेवून पंतप्रधान कोण हेही त्याच पाच मिनिटांत विचारायचे आणि महिनाभर सगळे फलक, सगळ्या सभा, सगळ्या वाहिन्या त्या चौथ्या प्रश्नाने भरून टाकायच्या. मग मराठवाड्यातले टँकर, कोकणातली बंद पडणारी जिल्हा परिषदेची शाळा, सोयाबीनचा भाव या प्रश्नांना कोणत्या सभेत जागा मिळणार? मतदाराला त्यांची आठवण राहील. उमेदवाराला मात्र त्यांवर बोलायची गरज उरणार नाही.

आणि वेगळ्या तारखेने मतदाराला जे मिळते ते २०२४ मध्ये महाराष्ट्राने अनुभवले. लोकसभेत महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा, महायुतीला १७. सहा महिन्यांनी विधानसभेत महायुतीला २३० जागा. कोणाला यातला पहिला निकाल आवडला असेल, कोणाला दुसरा. मला त्या दोन निकालांमधले सहा महिने महत्त्वाचे वाटतात. जूनच्या धक्क्यानंतर सरकार हलले. लाडक्या बहिणींना दरमहा १५०० रुपये, शेतीपंपांच्या वीजबिलांची माफी, अशा घोषणांचा सपाटा लागला. त्या योजना बऱ्या की वाईट, तिजोरीला झेपणाऱ्या की नाही, यावर भांडता येईल आणि भांडलेच पाहिजे. पण सत्ताधाऱ्याला मध्येच खडसावण्याची, त्याला आपल्या दारी यायला लावण्याची संधी मतदाराला मिळाली होती. एकाच दिवशी दोन्ही उत्तरे घेतली असती तर पुढची पाच वर्षे त्याला कोणी विचारले नसते.

विधेयकातले एक कलम तर मला सर्वात जास्त खटकते. एखादी विधानसभा मुदतीआधी विसर्जित झाली तर नवी विधानसभा पूर्ण पाच वर्षांसाठी नसेल, फक्त उरलेल्या काळासाठी असेल. चौथ्या वर्षाच्या अखेरीस सरकार कोसळले, लोकांनी रांगा लावून नवे निवडले, तर त्या सरकारला जेमतेम एक वर्ष. बेशिअर यांच्यासारखा एखादा मुख्यमंत्री त्या एका वर्षात पुरात सापडलेली किती गावे पुन्हा उभी करणार? कोल्हापूर-सांगलीचा २०१९ चा महापूर ज्यांनी पाहिला, त्यांना पुनर्वसनाला किती वर्षे लागतात ते माहीत आहे. एवढ्या मुदतीत पंचनामे होतील आणि सानुग्रह अनुदानाचा पहिला हप्ता पडेल. त्याच्या पुढच्या कामाचा जाब कोणाला विचारायचा, तेव्हा ते सरकार नसेलच.

संयुक्त समितीतल्या सदस्यांना माझे सांगणे इतकेच की हे कलम वगळा, आणि राज्याच्या निवडणुकीचा दिवस राज्याकडेच राहू द्या. केंटकीत पुढची गव्हर्नरची निवडणूक नोव्हेंबर २०२७ मध्ये आहे. बेशिअर त्यात नसतील, लागोपाठ तिसऱ्यांदा उभे राहता येत नाही. लेचर आणि पेरीतले लोक कदाचित पुन्हा रिपब्लिकन गव्हर्नर निवडतील. मतपत्रिकेवर तेव्हाही राष्ट्राध्यक्षाचे नाव नसेल.